हवा गाळण्याचे वीजबिल

दिवाळी सरून थंडी पडू लागली आणि शहरातली हवा धुरकट झाली, की अलीकडे घराघरांतून एका यंत्राची चर्चा सुरू होते. ते म्हणजे हवा शुद्ध करणारा एअर प्युरिफायर. किंमत विचारून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला : हे यंत्र वीज किती खाते?

याचे उत्तर शाळकरी गणिताने देता येते. यंत्रावर 40 वॅट असे लिहिले असेल, तर चोवीस तासांत 40 × 24 = 960 वॅट-तास, म्हणजे जवळजवळ एक युनिट वीज लागेल. महिन्याला सुमारे 29 युनिट. युनिटचा दर 8 रुपये धरला, तर बिलात 230 रुपयांची भर. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा 75 वॅट घेतो आणि दीड टनाचा एअर कंडिशनर चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास. त्या मानाने हे यंत्र काही फार खादाड नव्हे.

गणित इथे संपते, पण एक प्रश्न उरतो. ही वीज नेमकी कशावर खर्च होते? धूळ पकडण्यावर, की आणखी कशावर? त्याचे उत्तर हवा शुद्ध करण्याच्या इतिहासात सापडते आणि तो इतिहास सुरू होतो एका शिक्षकापासून.

बरणीतला धूर

जर्मनीतील लाइपझिग येथे होलफेल्ड नावाचे गणिताचे शिक्षक होते. 1824 मध्ये त्यांनी धुराने भरलेल्या बरणीत एक तार सोडली आणि ती विद्युतभारित केली. बरणीतला धूर पाहता पाहता नाहीसा झाला. धुराचे कण भारित होऊन काचेला जाऊन चिकटले होते. प्रयोग मोठा सुंदर होता, पण त्या काळी त्याचा उपयोग कोणाला सुचला नाही आणि तो विसरला गेला.

साठ वर्षांनी, 1884 च्या सुमारास, इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांना हीच गोष्ट स्वतंत्रपणे आढळली. वेल्समधील बॅगिल्ट येथील शिशाच्या कारखान्यात तिचा प्रत्यक्ष वापर करण्याचा प्रयत्न 1885 मध्ये झाला. चिमणीतून उडून जाणारे शिसे परत मिळवावे, हा हेतू. पण वीज तयार करायला हाताशी होती ती विमशर्स्ट यंत्रे, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेत ठिणग्या पाडून दाखवायला वापरतो तीच. ती कारखान्याला पुरी पडणार नव्हती. शिवाय शिशाची धूळ विजेची दुर्वाहक. प्रयत्न फसला.

यश आले ते अमेरिकेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक कॉट्रेल हे सल्फ्युरिक आम्लाचे धुके पकडण्याच्या खटपटीत होते. त्यांनी आधी ते गरगर फिरवून वेगळे करून पाहिले, मग विजेकडे वळले. तोपर्यंत काळ बदलला होता. रोहित्राने हवा तितका उच्च दाब मिळवता येत होता. कॉट्रेल यांनी एक फिरता यांत्रिक दिष्टकारी जोडून त्या प्रत्यावर्ती विजेतून एकाच दिशेचे झटके मिळवले. एका संध्याकाळी अंधुक प्रकाशात त्यांना दिसले, की सुताचे वेष्टण असलेल्या तारेभोवती जांभळट प्रभा पसरली आहे. सुताच्या बारीक तंतूंच्या टोकांतून वीज हवेत सर्वत्र सारखी झिरपत होती. भार देणारा विद्युतअग्र कसा असावा, याचे उत्तर त्यांना मिळाले. 1908 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. या साधनाला आपण स्थितिक विद्युत अवक्षेपक म्हणतो.

रिव्हरसाइड येथील सिमेंट कारखान्याची धूळ शेजारच्या संत्र्यांच्या बागांवर बसत असे आणि बागायतदार न्यायालयात गेले होते. तिथे अवक्षेपक बसवण्यात आला. पकडलेल्या धुळीत पोटॅश निघाले. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे पोटॅश बंद झाल्यावर त्याला चांगला भाव आला. कॉट्रेल यांनी मात्र आपल्या पेटंटचे हक्क स्वतःसाठी ठेवले नाहीत. 1912 मध्ये स्थापन झालेल्या ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ला ते दिले आणि त्यातून येणारा पैसा इतरांच्या संशोधनाला मिळू लागला.

या पद्धतीचे मर्म घरगुती उदाहरणाने सांगता येईल. तांदळातले खडे काढण्याच्या दोन रीती आहेत. एक, तांदूळ जागचे न हलवता खडे तेवढे वेचणे. दुसरी, सगळे तांदूळ चाळणीतून चाळणे. विजेचे बल फक्त भारित कणांवर काम करते, हवेवर जवळजवळ नाही. हे खडे वेचणे झाले. म्हणून त्याला वीज फार थोडी लागते. चिमणीतला धूर साफ करताना दर हजार घनमीटरला एक युनिटाहूनही कमी वीज पुरते.

गॅसमास्कपासून बैठकीच्या खोलीपर्यंत

1930 नंतरच्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीतील गेलॉर्ड पेनी यांनी हे तंत्र इमारतींतील हवेसाठी वापरले. उच्च दाबाच्या विजेने हवेत ओझोन तयार होतो आणि तो फुप्फुसांना अपायकारक असतो. पेनी यांनी तारांना धन भार देऊन आणि भार देणे व धूळ पकडणे ही कामे दोन वेगळ्या कप्प्यांत करून ओझोन बराच कमी केला. पण शंका पूर्ण फिटली नाही.

आजच्या बहुतेक घरगुती यंत्रांत दुसरी रीत, म्हणजे चाळणे, वापरतात. त्यांतील ‘हेपा’ फिल्टरचा जन्म युद्धातला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन गॅसमास्कमधला कागद दोस्त राष्ट्रांच्या हाती लागला. अमेरिकी लष्कराने तसा कागद बनवला आणि अणुबाँबच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी तो वापरात आला. नोबेल पारितोषिक विजेते आयर्विंग लँगम्युअर यांनी त्याच काळात दाखवले, की अशा फिल्टरला सर्वांत चकवतात ते सुमारे 0.3 मायक्रॉनचे कण. त्याहून मोठे कण जडत्वामुळे तंतूंवर आदळतात. त्याहून लहान कण ब्राउनियन गतीमुळे वेडेवाकडे भटकत तंतूंना चिकटतात. म्हणजे हेपा ही साधी चाळणी नव्हे. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण त्याने अडवावेत अशी अट असते. जो कण सर्वांत अवघड, त्यावरच ही परीक्षा घेतली जाते.

कागद कण पकडतो तो वीज न वापरता. वीज लागते ती सगळी हवा त्या कागदातून ढकलायला. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत 36 घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर 180 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 0.05 घनमीटर हवा ढकलावी लागेल. फिल्टरचा अडथळा 100 पास्कल, म्हणजे एक सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका धरू. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती. ती येते अवघी 5 वॅट. उरलेली 30-35 वॅट शक्ती पंखा, मोटर आणि हवेच्या वळणावळणांत वाया जाते. कागदाच्या घड्या घालतात त्याही यासाठीच. क्षेत्रफळ वाढले की हवा सावकाश जाते आणि अडथळा कमी होतो. पंख्याचा नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी मिळते, पण लागणारी शक्ती तत्त्वतः एक अष्टमांश होते. प्रत्यक्षात इतकी बचत होत नाही, तरी हळू वेगाने अधिक वेळ चालवणे स्वस्त पडते.

एका युनिटात धूळ किती?

आता हिशेबाचा शेवटचा भाग. दर घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅम सूक्ष्म धूळ आहे असे धरू. भारतीय मानकानुसार चोवीस तासांची मर्यादा 60 आहे, तेव्हा ही हवा वाईटच. तासाला 180 घनमीटर गाळून यंत्र फार तर 18 मिलिग्रॅम धूळ पकडेल. 40 वॅटचे यंत्र एका युनिटात 25 तास चालते. म्हणजे एका युनिटात 450 मिलिग्रॅम. अर्धा ग्रॅमही नाही, चिमूटभर मिठाइतकी धूळ.

आणि हे युनिट आले कुठून? महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून येतो. एका युनिटासाठी साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख पुष्कळ, 35 टक्के धरली तर सुमारे 245 ग्रॅम. तिच्यातली बरीचशी, जवळपास 200 ग्रॅम, धुराबरोबर चिमणीकडे जाते. तिथे तिला अडवतो तो कॉट्रेल यांचा अवक्षेपक. त्याने 99 टक्के राख अडवली तर 2 ग्रॅम बाहेर पडेल. 99.9 टक्के अडवली तर 0.2 ग्रॅम.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अवक्षेपक 99 टक्क्यांवर चालत असेल, तर खोलीतली अर्धा ग्रॅम धूळ पकडण्यासाठी आपण दूरच्या कुठल्या तरी गावावर 2 ग्रॅम राख सोडतो. 99.9 टक्क्यांवर चालत असेल तर हिशेब कसाबसा आपल्या बाजूने झुकतो. चिमणीच्या धुरात दर घनमीटरला 40 ग्रॅमच्या आसपास राख असते. तिथे एक युनिट वीज निदान 40 किलो राख अडवते. घरात तेच युनिट अर्धा ग्रॅम.

अर्थात ही तुलना सरळ नाही. उंच चिमणीतून निघालेली राख दूरवर पसरून विरळ होते, तर खोलीतली धूळ थेट छातीत जाते. सगळी धूळ वीजकेंद्रांची नसते. रस्ते, वाहने, बांधकामे, चुली, जाळलेला कचरा यांचाही वाटा असतो आणि तिथे अवक्षेपक बसवता येत नाही. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल, तर महिन्याचे 230 रुपये आणि वेळोवेळी बदलायच्या फिल्टरची किंमत हा खर्च योग्यच म्हणावा लागेल.

पण धूळ एकदा हवेत पसरली, की ती परत गोळा करणे किती महाग पडते, हे या हिशेबातून दिसते. 1952 च्या डिसेंबरात लंडनमध्ये धुरकट धुक्याने हजारो माणसे दगावली. त्यानंतर 1956 मध्ये तिथे जो कायदा झाला, त्याने घरातल्या शेगडीच्या आणि कारखान्याच्या चिमणीतून निघणाऱ्या धुरालाच हात घातला.

वर्गात हा पाठ घेताना मुलांना घरच्या विजेच्या बिलावरील युनिटांचा आकडा आणायला सांगावे. तेवढ्या विजेसाठी किती राख चिमणीकडे गेली असेल, ते काढावे. मग अवक्षेपक 99 टक्के आणि 99.9 टक्के धरून दोन उत्तरे फळ्यावर लिहावीत. त्या एका दशांश स्थळाची किंमत काय आणि ती कोणी मोजायची, ही चर्चा मुले आपणहून सुरू करतील.