युद्धकालीन जनजीवन, कर्जत-खालापूर परिसरातील

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर या अंतर्भागातील प्रदेशात सर्वसामान्यांच्या राहणीत झालेले बदल. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख रणभूमीपासून दूर होता. परंतु मुंबई–पुणे लोहमार्ग, बोरघाट आणि खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील टाटांची जलविद्युत् केंद्रे यांमुळे तो मुंबईच्या युद्धोत्पादनाशी थेट जोडला गेला होता. लष्करासाठी कापड विणणाऱ्या मुंबईच्या गिरण्या याच विजेवर चालत. तारा शेतांवरून जात असल्या, तरी त्यांखालच्या वाड्यापाड्यांत रॉकेलची चिमणीच जळत असे.

युद्धाची पहिली जाणीव बाजारात झाली ती नाण्यांमुळे. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली व एक रुपयाची नोट प्रचारात आली. लोक जुने रुपये दडवू लागले आणि खुर्द्याची टंचाई निर्माण झाली. तांबे वाचविण्यासाठी १९४३ मध्ये काढलेला भोकाचा पैसा पुढे अनेक वर्षे लोकांच्या स्मरणात राहिला. घड्याळेही बदलली : १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत भारतीय प्रमाणवेळ एक तासाने पुढे होती. आगगाडीच्या वेळेवर चालणाऱ्या कर्जत, नेरळसारख्या ठिकाणी हा फरक जाणवणे अपरिहार्य होते. सूर्यावर चालणाऱ्या शेतीला त्याचे सोयरसुतक नव्हते.

खरा आघात मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडल्यानंतर झाला. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला आणि तेथील तेलक्षेत्रे गेल्याने रॉकेलही दुर्मिळ झाले. २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शहराला नियमित शिधा पुरवावयाचा, तर भात पिकविणाऱ्या तालुक्यांतून ते गोळा करणे भाग होते. त्यासाठी मुंबई प्रांतात सक्तीची धान्यवसुली, म्हणजे लेव्ही, बसविण्यात आली. पिकाखालील क्षेत्र व पिकाचा अंदाज पाहून, कुटुंबाच्या गरजेपुरते धान्य सोडून उरलेले सरकारी दराने घेतले जाई. कागदावर ही व्यवस्था न्याय्य होती. व्यवहारात मात्र कुटुंबाची गरज किती व पीक किती आणे, हे ठरविणारा तलाठी गावातील सर्वांत महत्त्वाचा माणूस झाला. कुळाला मालकाचा खंडही धान्यातच द्यावा लागे. एरवीही भात विकून वर्षातील बराच काळ नाचणी-वरीवर काढणाऱ्या लहान शेतकऱ्याला चढ्या भावाचा लाभ झाला, असे म्हणणे धाडसाचे होईल. १९४३-४४ मध्ये घाऊक किंमती युद्धपूर्व पातळीच्या दुपटीहून अधिक झाल्या होत्या; मीठमिरची, कापड व लोखंडी अवजारे त्याला त्याच बाजारातून घ्यावी लागत. कापडनियंत्रण १९४३ मध्ये आले. नऊवारी लुगड्यास लागणारे कापड मिळविणे ही घरोघरची विवंचना झाली.

अमेरिकेतही याच सुमारास साखर, पेट्रोल व डबाबंद पदार्थ यांवर शिधापुस्तिका लागू झाल्या आणि घरामागे भाजीचे मळे लावण्याची मोहीम निघाली. तेथे टंचाई मुख्यतः सोयीच्या वस्तूंची होती व रोजगार मुबलक होता. येथे प्रश्न पोटाचा होता. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम भारतातही निघाली. पण जमीन दुसऱ्याची आणि बियाणे उसने, अशा कुळाकडून तिला मर्यादितच प्रतिसाद मिळणे शक्य होते.

सर्वांत बिकट स्थिती कातकरी व ठाकूर यांची होती. जमीन नसल्याने त्यांच्यापाशी कोठार नव्हते. मजुरीवर धान्य विकत घ्यावे लागे. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी कोळशाच्या वायूवर चालविल्या जाऊ लागल्या व लाकूड-कोळशाची मागणी वाढली. कोळशाच्या भट्ट्यांवर राबणारे कातकरी ठेकेदाराच्या उचलीत बांधलेले असत, त्यामुळे तेजीचा पैसा त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचला.

या परिस्थितीतच १९४२ चे आंदोलन येथे पेटले. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (१९१२–४३) यांनी शेतकऱ्यांना सावकारापासून सोडविण्यासाठी धान्यकोठीचा उपक्रम आधीच चालविला होता. त्यामुळे खेड्यांत त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले. ज्या विजेचा गावांना उपयोग नव्हता, तीच सरकारची दुखरी नस होती, हे दस्त्याने अचूक हेरले होते. भूमिगतांना भाकरी द्यावयाची, तर ती टंचाईतील धान्यातूनच द्यावी लागे. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले.

युद्ध १९४५ मध्ये संपले, टंचाई संपली नाही. १९४६ मध्ये शिध्याचे प्रमाण दरडोई दररोज १२ औंसांपर्यंत खाली आले. १९४७ च्या अखेरीस उठविलेली नियंत्रणे पुढील वर्षी पुन्हा लागू झाली आणि अन्नधान्यावरील युद्धकालीन नियंत्रणे १९५४ मध्ये अखेर उठली.