एकदाच सुटणारी शक्ती : जुन्या कल्पनारम्य खेळांतले लढाईचे आणि जादूचे नियम

मंडळी, मागच्या वेळी आपण बुद्धिबळापाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ.

हेल्विग नावाच्या जर्मन गृहस्थानं १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर युद्धाचा खेळ मांडला. १८२४ मध्ये राइसवित्झ या प्रशियन अधिकाऱ्यानं आपल्या युद्धखेळात फासे आणि पंच आणले. बुद्धिबळात प्याद्यानं वजीर मारला की तो मेलाच. इथे वार चुकू शकतो. फाशांचं बुद्धिबळ आपल्याकडेही होतं. अल बिरूनीनं अकराव्या शतकात हिंदुस्थानातल्या चौघांच्या खेळाचं वर्णन केलंय. पण तिथे कोणतं मोहरं हलवायचं एवढंच फासा सांगतो, लढाईचा निकाल देत नाही.

आता एकदम १९७१. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली आणि तिच्या शेवटी जादूगार, राक्षस यांची पुरवणी जोडली. गंमत बघा, जादूगाराचा अग्निगोळा मोजला तो दगडफेकी यंत्राच्या मापानं आणि वीज मोजली तोफेच्या! म्हणजे जादूगार हा मुळात तोफखानाच. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आलं : एक खोका, तीन पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती.

त्यातली लढाई अगदी रोखठोक. वीसपर्यंतचं दान टाकायचं. समोरचा उघड्या अंगाचा असेल तर नवख्या योद्ध्याला दहा पुरतात, पूर्ण चिलखत आणि ढाल असेल तर सतरा लागतात. वार लागला की साधा सहा पैलूंचा फासा. मग हातात खंजीर असो की मोठी तलवार. आणि नवख्या जादूगाराचा जीव केवढा? तोही एका फाशाएवढाच. एका घावात खलास होऊ शकतो. त्याला चिलखत नाही, शस्त्र म्हणून फक्त खंजीर, आणि दिवसाला मंत्र एक. तो टाकला की दुसऱ्या दिवसापर्यंत गेला.

हा नियम गायगॅक्सनं जॅक व्हान्स या लेखकाकडून घेतला. व्हान्सच्या १९५० च्या 'द डाइंग अर्थ'मधले जादूगार मंत्र पाठ करतात आणि उच्चारताच तो डोक्यातून पुसला जातो. यावर बरेच खेळाडू वैतागायचे : पाठ केलेलं माणूस असं विसरेल कसं? २००८ च्या चौथ्या आवृत्तीपासून तर काही मंत्र हवे तितके वेळा वापरता येऊ लागले. आज अंधेरी-बोरिवलीत नव्या आवृत्त्या खेळणाऱ्या मुलांना जुना नियम जाचकच वाटेल. मला विचाराल तर खेळातली सगळी धाकधूक त्या जाचातच होती. दारामागे काय आहे ते माहीत नाही, मंत्र एकच, आत्ता टाकू की राखून ठेवू?

आणि विसरण्याचं म्हणाल, तर 'मृत्युंजय' वाचलेल्या मराठी माणसाला ते नवल वाटू नये. परशुरामाच्या शापामुळे कर्णाला ऐन वेळी अस्त्र आठवत नाही. अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर सोडता येतं, आवरता येत नाही. अर्जुनाला दोन्ही येतं. व्हान्सनं हे महाभारतातून उचललं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण अस्त्राला मर्यादा घातल्याशिवाय युद्धाची गोष्ट रंगत नाही, हे दोन्हीकडे कळलेलं दिसतं.

सगळ्यात चोख उदाहरण वासवी शक्तीचं. कर्णानं कवचकुंडलं देऊन ती इंद्राकडून मिळवली, अट अशी : एकदाच सुटेल. ती त्यानं अर्जुनासाठी राखली होती. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचानं कौरवसेनेची दाणादाण उडवली, सगळे कर्णाला ओरडून सांगू लागले, आणि शेवटी त्यानं ती सोडली. घटोत्कच पडला. पांडव शोक करत होते आणि कृष्ण रथावर आनंदानं नाचत होता. अर्जुनानं चिडून कारण विचारलं, तेव्हा कृष्णानं सांगितलं की कर्णाकडची शक्ती आता संपली.