आजोबांचं लायसन्स, नातवंडांचं लायसन्स

आजोबांच्या कपाटात पोस्टाची तिकिटं डकवलेली, पासपोर्टसारखी छोटी पुस्तिका पाहिल्याचं आठवतंय? ते रेडिओचं लायसन्स. 1933 च्या वायरलेस कायद्यानुसार परवान्याशिवाय घरात रेडिओ ठेवणं हा गुन्हा होता. म्हणून दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा टीव्हीलाही लायसन्स लागायचं. 1985 मध्ये ही फी रद्द झाली.

ही पद्धत मुळात ब्रिटिशांची. तिथे 1922 मध्ये रेडिओसाठी 10 शिलिंग घेत, 1946 पासून टीव्हीसाठी 2 पौंड. अमेरिकेनं जाहिरातींचा मार्ग धरला, म्हणून आपल्या फ्रिस्कोतल्या मुलांना हा प्रकारच ठाऊक नाही.

पण तुमची मुलं शिकायला ब्रिटनला निघाली असतील, तर एवढं सांगून ठेवा. हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या टीव्हीचं लायसन्स सहसा विद्यापीठ काढतं. स्वतःच्या खोलीत, अगदी लॅपटॉपवरही, चालू प्रक्षेपण किंवा बीबीसी आयप्लेअर पाहायचं तर लायसन्स आपलं आपण काढायचं. नेटफ्लिक्सवरचा जुना सिनेमा पाहायला ते लागत नाही. आईवडिलांच्या ब्रिटनमधल्या घराचं लायसन्स असेल, तर प्लगला न जोडता बॅटरीवर पाहण्याची सवलत मिळते. आपलं घर पडलं फ्रिस्कोत, त्यामुळे ती आपल्या मुलांना नाही! दंड 1000 पौंडांपर्यंत होऊ शकतो.

आजोबा पोस्टात रांग लावायचे, नातीनं निदान ऑनलाइन फॉर्म तरी भरावा!