आधी कच्ची वही, मग पक्की

जमीन-महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव एका विशेष कारणासाठी घेतले जाते. पेशवाईनंतर या भागाची मोजणी आणि सारा-आकारणी रॉबर्ट कीथ प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केली. रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धान्तावर बेतलेली त्याची योजना कागदावर नेटकी होती. प्रत्यक्षात मोजणी चुकली, उत्पन्नाचे अंदाज फुगले, हाताखालच्या लोकांनी लाच खाल्ली. 1830 च्या सुमारास ती अमलात आली तेव्हा सारा झेपेना म्हणून रयतेने जमिनी पडीक टाकल्या, कित्येकांनी गाव सोडले. पुढे 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत आधी इंदापुरात अजमावली आणि मग मुंबई इलाख्यात इतरत्र नेली. एकदा ठरलेला आकार 30 वर्षे बदलायचा नव्हता, त्यामुळे आधी अजमावून पाहणे शहाणपणाचे होते. तरीही ही चाचणी खऱ्या शेतकऱ्यांच्या खऱ्या शेतांवरच झाली.

चुकले तरी कोणाचेच नुकसान होणार नाही, अशी चाचणीची जागा तयार करता येईल का? ब्लॉकचेन या संगणकीय खातेवहीच्या इतिहासात हाच प्रश्न पुनःपुन्हा पुढे आला.

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली वही आहे. तिच्या प्रत्येक पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा असतो. जुनी नोंद बदलली तर पुढचे सगळे ठसे चुकतात, म्हणून ती गुपचूप बदलता येत नाही. हाच तिचा गुण आणि हीच अडचण. चुकलेली नोंद दुरुस्त करून देणारा अधिकारी येथे नसतो. नोव्हेंबर 2017 मध्ये ‘पॅरिटी’ या वॉलेटच्या आज्ञावलीतील एका दोषामुळे सुमारे 5,13,000 इथर कायमचे अडकून पडले. ते कोणी चोरले नाहीत, पण कोणाला काढताही येत नाहीत.

बिटकॉइनची वही जानेवारी 2009 मध्ये सुरू झाली. ऑगस्ट 2010 मध्ये बेरजेच्या एका दोषामुळे तिच्यात 184 अब्ज नाणी हवेतून निर्माण झाली. त्या वेळी वापरणारे थोडे होते, म्हणून काही तासांत नवी आज्ञावली देऊन ते पान रद्द करता आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गॅव्हिन अँड्रेसन यांनी ‘टेस्टनेट’ सुरू केले. नियम तेच, वही वेगळी आणि नाणी बिनमोलाची. थोडक्यात, कच्ची वही.

पण गंमत अशी की काही लोक ही बिनमोलाची नाणीही खऱ्या पैशाला विकू लागले. तेव्हा ती वही टाकून नवी उघडावी लागली. इथेरियमच्या वाट्याला दुसरे संकट आले. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याच्या ‘रॉप्स्टेन’ या टेस्टनेटवर निरर्थक व्यवहारांचा मारा करून ते निकामी केले गेले. या टेस्टनेटच्या राखणीला फार थोडे संगणक असल्याने ते सहज शक्य झाले. मग ठरावीक संगणकांनीच पाने जोडायची अशी ‘कोव्हान’ व ‘रिंकबी’ ही टेस्टनेट आली. 2019 च्या ‘गोर्ली’ची नाणी मर्यादित होती. ती दुर्मीळ होताच 2023 मध्ये त्यांचाही बाजार भरला. कच्ची वही उपयोगी राहायची तर तिच्यातली नाणी फुकट आणि मुबलक हवीत, हे यातून दिसले.

या नावांत आपल्या ओळखीचेही एक नाव आहे. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 2017 मध्ये मांडलेल्या ‘मॅटिक’ प्रकल्पाची मुख्य वही 2020 मध्ये सुरू झाली. तीच पुढे ‘पॉलिगॉन’ झाली. तिच्या टेस्टनेटचे नाव होते ‘मुंबई’. हे टेस्टनेट गोर्लीवर टेकलेले होते. गोर्ली बंद करायचे ठरले तसे मुंबईही एप्रिल 2024 मध्ये बंद झाले आणि त्याची जागा ‘अमॉय’ने घेतली. याच पॉलिगॉनवर 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे 65,000 जातीच्या दाखल्यांची नोंद करण्याचे काम शासनाने हाती घेतले. विद्यार्थ्याच्या दाखल्याची नोंद अशी पक्की होणार असेल, तर तिचा आधी सराव होणे किती आवश्यक आहे हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आता वॉलेटकडे वळू. शब्दशः अर्थ पाकीट असला तरी त्यात पैसे नसतात, एक गुप्त किल्ली असते. ही किल्ली म्हणजे 256 बिटांची एक प्रचंड संख्या. ती ज्याच्या हाती, सही त्याची. इथेरियम आणि पॉलिगॉन यांच्या मुख्य व कच्च्या अशा सगळ्या वह्यांत तीच किल्ली आणि तोच पत्ता चालतो. जुलै 2016 मध्ये इथेरियमच्या दोन वह्या झाल्या तेव्हा एका वहीसाठी केलेली सही उचलून दुसरीत वापरता येत होती. त्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात उपाय निघाला. सहीतच वहीचा क्रमांक गुंफला जाऊ लागला. पॉलिगॉनचा क्रमांक 137, मुंबईचा 80001, अमॉयचा 80002. त्यामुळे सरावाची सही खऱ्या वहीत चालेनाशी झाली. मात्र किल्लीच फुटली तर या उपायाचा काही उपयोग नाही. चाचणी करताना ती आज्ञावलीत लिहिली जाते, सहकाऱ्याला दाखवली जाते, विसरून कुठेतरी राहते. म्हणून सरावासाठी नवे, रिकामे, काम झाल्यावर टाकून देण्याचे वॉलेट घ्यायचे आणि त्यात खरा पैसा कधीच ठेवायचा नाही.

चाचणीची नाणी वाटणाऱ्या सेवेला ‘फॉसेट’, म्हणजे नळ, म्हणतात. तिला फक्त पत्ता लागतो. जो पैसे किंवा वॉलेटचे बारा गुप्त शब्द मागतो, तो ठकच समजावा.

कच्च्या वहीलाही मर्यादा आहे. जिथे पैसा नाही तिथे चोर फिरकत नाही. त्यामुळे तेथे बिनचूक चाललेली आज्ञावली बाजारात टिकेलच असे नाही. सरावात आपल्या चुका सापडतात, दुसऱ्याचे कपट सापडेलच असे नाही. वर्गात हा विषय शिकवताना एवढा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसला, तरी पुष्कळ झाले.