जंगलातली भाजी, वाडीतली भाजी

लोकबिरादरी प्रकल्प येण्याआधी भामरागडच्या माडिया गोंडांना शेती ठाऊकच नव्हती, असे शहरी लेखांतून सर्रास वाचायला मिळते. हे अर्धेच खरे आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळच्या हेमलकशात हा प्रकल्प सुरू केला, पुढे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालवला. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. पण इथल्या भाजीपाल्याचा इतिहास त्याहून बराच जुना आहे.

इंद्रावतीपलीकडच्या अबुजमाडातल्या माडियांवर विल्फ्रिड ग्रिग्सन या बस्तर संस्थानातल्या अधिकाऱ्याचे पुस्तक १९३८ साली आले. त्यात डोंगरउतारावरच्या 'पेंडा' शेतीचे सविस्तर वर्णन आहे. थंडीत झाडे-झुडपे तोडायची, उन्हाळ्यात वाळलेला काटक-कचरा पेटवायचा आणि पावसाच्या तोंडाशी राखेत बी फेकायचे. नांगर नाही, शेणखत नाही. राख हेच खत. दोन-तीन वर्षांत जमिनीचा कस उतरला की ती सोडून पुढच्या उतारावर जायचे. मुख्य पीक कोसरीसारखे बारीक धान्य. भाजी मात्र घराशी असे. घराभोवती लाकडांचे कुंपण घालून केलेल्या वाडीत वाल, भोपळा, काकडी, मका, मिरची, तंबाखू. झाडीपट्टीत अशा परसबागेला सांदवाडी म्हणतात.

या यादीत गंमत अशी की मका, मिरची आणि तंबाखू ही तिन्ही मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांतून ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरली आणि हातोहात अबुजमाडापर्यंत गेली. सरकारी रस्त्याला जे फार उशिरा जमले, ते बियाण्याने रस्त्यावाचून साधले!

दुधीचे काही वेल तर खाण्यासाठी नसतच. फळ वेलावरच पिकू द्यायचे, मग पोखरून, वाळवून त्याचा तुंबा करायचा. पाणी, पेज, गोरगा नावाच्या झाडाचा रस सगळे त्यात राही. मातीच्या मडक्यापेक्षा हलका, आणि दर वर्षी नवा मिळणारा.

रोजची बरीचशी भाजी मात्र जंगलच देई. पहिल्या पावसानंतर तरोटा, मग बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, वारुळांवर उगवणाऱ्या सात्या म्हणजे अळंब्या. कडूकांदा विषारी, म्हणून तो चिरून, उकडून वाहत्या पाण्यात ठेवायचा आणि मगच खायचा. हे ज्ञान कोणत्याही कृषी पुस्तिकेपेक्षा कमी दर्जाचे नव्हते.

मग उणीव कुठे होती? पाण्यात. वाडी पावसावर चाले, दिवाळीनंतर सुकून जाई. सिंचनाची विहीर नाही, त्यामुळे हिवाळी आणि उन्हाळी भाजीचा प्रश्नच नव्हता. त्यात व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी मोजून नेत. पैसा हातात येत नसे, मग बाजारची भाजी कोण घेणार?

आमटे घराण्याने नेमके इथे हात घातला, आणि त्यामागे आनंदवनाचा अनुभव होता. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबांनी कुष्ठरुग्णांसह आधी विहीर खणली, मग भाजी पिकवली. पिकलेली भाजी गाव घेईना. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक १९५०च्या दशकात श्रमदानाला आले, तीच भाजी खाऊ लागले, तेव्हा कुठे वरोऱ्याची भीड चेपली. मूल तालुक्यातल्या सोमनाथला १९६७ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचाही कणा शेतीच होता. त्यामुळे हेमलकशात दवाखान्याच्या पाठोपाठ शेतीचे धडे येणे ओघानेच झाले. १९७६ साली आश्रमशाळा सुरू झाली. वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात भाजी हवी, आणि पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला की आलापल्लीचा साठेक किलोमीटरचा रस्ता बंद. अशा ठिकाणी भाजी दाराशीच पिकवणे ही चैन नव्हे, गरज होती.

वाफे काढणे, रोप तयार करून लावणे, विहिरीचे पाणी पाटाने फिरवणे, शेणखत कुजवून घालणे हे पेंड्याच्या शेतीत नव्हते. ते नवे होते. बी कधी पेरायचे, वालाला मांडव कसा घालायचा, रानडुकरांपासून कुंपण कसे राखायचे, हे जुनेच होते. शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला इथे दोघांनाही काही ना काही येत होते, आणि म्हणून हेमलकशाच्या शेतीचे श्रेय एकट्या प्रकल्पाला देता येत नाही. दवाखान्याची आणि शाळेची गोष्ट वेगळी.

आजही इथल्या गावांत पेरणीआधी बियाण्यांचा सण होतो, बीज पंडुम. हेमलकशाला जाणारे बहुतेक पाहुणे आमट्यांनी सांभाळलेले वन्य प्राणी पाहून परततात. एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्या सणाच्या वेळी जावे, आणि म्हाताऱ्या बायकांनी जपलेल्या वाल, काकडी, मक्याच्या वाणांची नावे, रंग आणि पेरणीच्या वेळा त्यांना विचारून लिहून आणाव्यात.