आईची चित्रपटविषयक मते : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन (धागा)

१/ या धाग्यांतून आजवर आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि मोडी दप्तरे यांच्याविषयी वाचत आलो. आजचे साधन कोणत्याही अभिलेखागारात नाही. ते परभणी जिल्ह्यातील एका स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता बोलते. माझ्या आईने घरी पाहिलेल्या चित्रपटांविषयी दिलेली सहज मते, हा आजचा विषय.

२/ मराठवाड्याविषयी लिहिताना आपण निजामी राजवट, हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९७२ चा दुष्काळ, विद्यापीठ नामांतराचा लढा यांकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. पण दिवसभर कापूस वेचून आलेले कुटुंब रात्री काय पाहत होते, कोणाच्या घरी पाहत होते, कोणाला पाहू दिले जात नव्हते, याची कागदपत्रे कोठून आणायची? तिकीट फाडले जाते. कॅसेटवर दुसरा चित्रपट भरला जातो. उरते ती प्रेक्षकाची आठवण.

३/ प्रेक्षकाला साक्षीदार मानण्याची कल्पना जुनी आहे. १९२७ साली ब्रिटिश सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली. तिने देशभर फिरून ३५३ जणांच्या साक्षी नोंदवल्या. प्रश्नावली महात्मा गांधींकडेही गेली. आपण कधी सिनेमाला गेलोच नाही, सबब आपण उत्तर द्यायला अपात्र, अशा आशयाचे त्यांनी कळवले.

४/ त्या साक्षीदारांत बहुसंख्य लोक शहरी, शिकलेले, प्रतिष्ठित. स्त्रियांनी व मुलांनी काय पाहावे, यावर त्यांनी भरभरून मते दिली. खेड्यातील स्त्रीला स्वतःला काय आवडते, हा प्रश्न मात्र तिच्यापर्यंत पोहोचला नाही. आईची मते मी त्या न नोंदवलेल्या साक्षीसारखी वाचतो.

५/ साक्षीदाराचा परिचय: जन्म १९७३, जिंतूर तालुक्यातील एक खेडे. शिक्षण दहावीपर्यंत. लग्न १९९२. आता वास्तव्य परभणी शहरात. तिची पाच मते घेऊ आणि प्रत्येकामागे काय दडले आहे ते पाहू.

६/ मत पहिले: "समद्यांना संगं बसून बघता यावं, तोच चांगला पिच्चर."
ही झाली 'कौटुंबिक चित्रपटा'ची व्याख्या. कायद्याने अशी कोणतीही वर्गवारी केलेली नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली 'यू' आणि 'ए' ही प्रमाणपत्रे होती. १९८३ मध्ये त्यांत 'यूए' आणि 'एस' यांची भर पडली. 'कौटुंबिक' हे प्रमाणपत्र घरच देते.

७/ आणि घर म्हणजे कोण? आई सांगते, सासरी दूरदर्शन संच बैठकीत होता. सासरे समोर खुर्चीवर, दीर खाटेवर, मुले खाली. सुना आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन, अर्धे लक्ष चुलीकडे. 'समद्यांना संगं' या शब्दांत ही बैठकव्यवस्था गृहीत आहे. जो चित्रपट सासऱ्यांसमोर सुनेला अवघडवत नाही, तो चांगला.

८/ म्हणजे हे मत केवळ नैतिक आग्रहाचे नाही. जिला उठून जाण्याची किंवा संच बंद करण्याची मुभा नव्हती, तिच्या बचावाचा तो निकष होता.

९/ मत दुसरे: "रामायणाच्या टायमाला आंगण भरायचं. आता घरात चार माणसं चार मोबाइल बघतेत."
पार्श्वभूमी अशी: मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण मराठवाड्यातील खेड्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडला गेला आणि १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. दूरदर्शन लहान गावांपर्यंत पोहोचले ते असे.

१०/ यात एक मेख होती. या प्रक्षेपकांवरून बहुतांशी दिल्लीचाच कार्यक्रम दिसे. त्यामुळे मराठी मुलखात घरोघरी आधी हिंदी आली. परभणीला ती परकी वाटली नाही. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जुन्या पिढीतील कित्येकांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले, बाजारात दखनी बोली रुळलेली. आईचे आजोबा मराठी वर्तमानपत्र अडखळत वाचत, पण पडद्यावरचे संवाद त्यांना सहज कळत.

११/ रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी प्रसारित झाले. आईच्या गावात तेव्हा दोन संच होते. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडत. संचाला हार घातला जाई. पुढचे वर्णन आपण सर्वांनी घरोघरी ऐकले आहे.

१२/ न ऐकलेला भाग पुढे आहे. अंगण भरायचे, पण कसे? मी विचारत गेलो तेव्हा आई म्हणाली, "काही लोक वट्ट्याच्या खालीच ऱ्हायचे." कोण? ती थोडे थांबली. "वस्तीवरचे. त्यांना कोनी नगं म्हनायचं नाही. पन ते वर यायचेबी नाहीत."

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशी थांबले पाहिजे. 'सारा गाव एकत्र बसून रामायण पाहत असे' ही आठवण खोटी नाही. पण ती वट्ट्यावरून दिसणारी आठवण आहे. वट्ट्याखाली उभे राहून ज्यांनी पाहिले, त्यांची आठवण वेगळी असणार, आणि ती त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल. एकाच दूरदर्शन संचाचे दोन इतिहास असू शकतात.

१४/ आणखी एक गंमत. आई ठामपणे सांगते की रामायणातील सीतेची साडी तिने भगवी पाहिली. गावातील दोन्ही संच मात्र कृष्णधवल होते, हे मामा तितक्याच ठामपणे सांगतो. मग तिची साक्ष बाद करायची का?

१५/ इटालियन इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी याच प्रश्नावर मूलगामी काम केले. तेर्नी गावातील लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. पण गावकऱ्यांपैकी अनेकांनी तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्लींच्या मते स्मृतीतील असा बदल हाच पुरावा असतो. घटना कधी घडली याऐवजी ती लोकांना किती महत्त्वाची वाटली, हे तो सांगतो.

१६/ आईच्या स्मृतीने कृष्णधवल पडद्याला रंग दिला. पुढे रंगीत संचावर, २०२० च्या टाळेबंदीतील पुनःप्रसारणात पाहिलेली दृश्ये त्यात मिसळली असतील. पण चौदा वर्षांच्या मुलीला तो रविवार रंगीतच वाटला होता, हेही तितकेच खरे असावे.

१७/ मत तिसरे: "दादा कोंडके लै हसवायचा म्हनतेत. पन घरात नगं."
'म्हनतेत' या शब्दाकडे लक्ष द्या. 'सोंगाड्या' (१९७१), 'एकटा जीव सदाशिव' (१९७२) अशा चित्रपटांच्या ओळीने रौप्यमहोत्सव करणारा हा नट मराठवाड्यातील गावोगावी पोहोचला होता. जत्रेतल्या, उरुसातल्या तंबूत त्याचे चित्रपट लागत. आईने मात्र त्यांतला एकही पूर्ण पाहिलेला नाही. तिचे मत ऐकीव आहे.

१८/ तंबूत बायकांची बाजू वेगळी असे, पण द्व्यर्थी संवादांच्या चित्रपटाला तरुण मुलींना पाठवत नसत. पुढे भाड्याचा व्हिडिओ आला. रात्रभरासाठी संच, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी. गणपतीत त्यासाठी वर्गणी निघे. आई सांगते, पहिली कॅसेट देवाधर्माची, दुसरी मारामारीची. तिसरी लागायच्या आधी बायका-पोरींना घरी पाठवून देत.

१९/ त्याच काळात सरकारला चिंता होती ती चोरट्या कॅसेटींची. १९८४ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढवली गेली आणि व्हिडिओ फिल्मवर प्रमाणपत्राचा तपशील दाखवणे बंधनकारक झाले. गावाच्या चौकात मात्र वेगळाच कायदा चाले: तिसऱ्या कॅसेटचा. एकाच गावातील पुरुषांचा आणि स्त्रियांचा चित्रपटेतिहास त्यामुळे एक राहिला नाही.

२०/ मत चौथे: "माहेरची साडीसारखा पिच्चर पुन्हा झाला नाही."
विजय कोंडके दिग्दर्शित, अलका कुबल यांची मुख्य भूमिका असलेला हा चित्रपट १९९१ चा. 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावर आधारलेला. गावोगावच्या स्त्रिया घोळक्याने तो पाहायला गेल्या. समीक्षकांनी त्याला रडका म्हटले आणि आजही आपल्या पिढीत त्यावर विनोद होतात.

२१/ आईने तो लग्नाच्या आधी, मैत्रिणींबरोबर पाहिला. पुरुष सोबतीला नसताना पाहिलेला तिचा हा पहिला चित्रपट. "समद्या रडत होत्या. कुनी कुनाला इचारलं नाही, का रडती म्हनून." जिच्या रडण्याला घरी कारण द्यावे लागते, तिला अंधारात विनाकारण रडता आले. त्या चित्रपटाच्या यशाचे इतके नेमके स्पष्टीकरण मला कोणत्याही लेखात सापडलेले नाही.

२२/ मत पाचवे: "सूर्यवंशम लागला की चॅनल बदलवत नाही."
हा चित्रपट २१ मे १९९९ रोजी प्रदर्शित झाला. मूळ तमिळ 'सूर्यवंशम' १९९७ चा. हिंदी आवृत्ती चित्रपटगृहांत फारशी चालली नाही. त्याच वर्षी सेट मॅक्स ही वाहिनी सुरू झाली आणि तिने तो इतक्या वेळा दाखवला की तो राष्ट्रीय विनोद बनला. घरच्या पडद्याने चित्रपटगृहाचा निकाल फिरवल्याचे हे ठळक उदाहरण.

२३/ पण आई तो का पाहते? अमिताभ बच्चन यांच्या दुहेरी भूमिकेसाठी? मी विचारले. तिचे उत्तर: "त्यो अडाणी ऱ्हाऊनबी बायकोला शिकवतो. कलेक्टर करतो." चित्रपटातील राधा लग्नानंतर शिकते आणि जिल्हाधिकारी होते. विनोद करणाऱ्या आपणा सर्वांना त्यात विषारी खीर दिसते. दहावीनंतर जिची शाळा सुटली, तिला त्यात तो एक प्रसंग दिसतो, आणि त्यासाठी ती बाकीचे तीन तास सहन करते.

२४/ आता या पाच मतांपुढे एक अपवाद ठेवतो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२९ एप्रिल २०१६) दूरदर्शन संचावर लागतो तेव्हा आई तो आवडीने पाहते. आर्चीच्या बोलण्यावर हसते. शेवटची काही मिनिटे राहिली की उठून आत जाते. त्यात काहीही अश्लील नाही. सगळ्यांनी मिळून पाहता येईल अशीच चौकट आहे: घर, लेकरू, माहेरची माणसे. तरी ती म्हणते, "घरात बघण्यासारखं नाही ते."

२५/ इथे तिची पहिली व्याख्या पूर्ण होते. 'कौटुंबिक' चित्रपट म्हणजे ज्यात कुटुंबाला अवघडल्यासारखे होत नाही तो. शरीराने अवघडणे हा त्याचा एक भाग. कुटुंब स्वतः काय करू शकते हे पाहावे लागणे, हा दुसरा. वट्ट्याखाली उभ्या राहणाऱ्यांविषयी बोलताना ती थांबली होती, तशीच ती इथे उठते. दोन्ही ठिकाणी ती शांतता नोंदवण्याजोगी आहे.

२६/ एका साक्षीवरून जिल्ह्याचा इतिहास लिहिता येत नाही, हे उघड आहे. पण तिच्या पाच वाक्यांतून उपग्रहधोरण, प्रताधिकार कायदा, निजामकालीन भाषाव्यवहार, जात, सुनेची जागा आणि मुलींचे शिक्षण, इतके सारे हाती लागले. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा येथून अशा शंभर साक्षी जमल्या तर काय हाती लागेल?

२७/ आणि वेळ थोडा आहे. माझी आजी २०११ साली गेली. तिने उरुसातल्या तंबूत काय पाहिले, कोणाबरोबर पाहिले, काय पाहायचे राहून गेले, हे सांगणारे आता घरात कोणी नाही.

२८/ म्हणून विनंती. या आठवड्यात आई, वडील, मावशी, शेजारच्या काकू, वस्तीवरचे आजोबा यांना विचारा: पहिला चित्रपट कुठे पाहिला? संच कोणाचा होता? तुम्ही कुठे बसायचा? कोणता पाहू दिला नाही? उत्तर त्यांच्याच बोलीत लिहा, शुद्ध करू नका. गाव, साल आणि बोलणाऱ्याचे तेव्हाचे वय टाका. नाव लिहिण्याआधी त्यांची परवानगी घ्या. आणि ते जिथे थांबतात, तिथे 'थांबले' असेही लिहा.