ओढणं आणि पोचणं : विजेचा ट्रक आणि त्यामागचा ट्रेलर

तत्त्वज्ञानाच्या माणसाने ट्रक आणि ट्रेलरवर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. थोडा धीर धरा. ‘ही गाडी किती ओढते?’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तो गुंता सोडवायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, म्हणून आम्ही हा विषय इतिहासाच्या बाजूने घेतला आहे.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. एफ-१५० ही त्यांची पिकअप, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. अमेरिकेत ती वर्षानुवर्षं धडाक्याने खपते. तिचा विजेवर चालणारा एक नमुना या फितीत मालगाडीचे दहा दुमजली डबे ओढताना दिसतो. रिकाम्या डब्यांचंच वजन दहा लाख पौंडांवर. मग त्यात बेचाळीस पिकअप चढवल्या, वजन झालं साडेबारा लाख पौंड, म्हणजे सुमारे ५६७ टन. तरी गाडीने ते हजार फूट ओढून नेलं.

फीत खोटी नव्हती. पण तिचा अर्थ काय? रुळावर पोलादी चाकाला फार कमी अडथळा होतो. सपाट रुळावर ५६७ टन हलते ठेवायला, एक-दीड टन वजन उचलायला जेवढा जोर लागेल तेवढा पुरतो. मुंबईत १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामगाड्या घोडे ओढत होते, ते रुळाच्या याच गुणावर. ही गाडी ओझं हलवू शकते का, एवढ्याच प्रश्नाला फितीने उत्तर दिलं, आणि उत्तर होतं ‘हो’. तीनशे मीटरनंतर काय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तरही तिथे नव्हतं.

पहिल्या प्रश्नात वीज जिंकते, याबद्दल वाद नको. पेट्रोलच्या इंजिनाला उभ्या स्थितीत जोर देता येत नाही. ते आधी फिरतं ठेवावं लागतं, मग क्लच, मग गिअर. विजेच्या मोटरला ही सगळी बिदागी लागत नाही. पहिल्या क्षणाला, चाक हललेलंही नसताना, ती आपला पूर्ण जोर लावते. घाटात थांबलेलं ओझं पुन्हा चालू करायचं असेल तर याहून चांगलं यंत्र नाही.

ही गोष्ट लोकांना फार पूर्वीपासून माहीत होती. १९१० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विजेचे मालट्रक सर्रास फिरत असत. तिथल्याच लाँग आयलंड सिटीत जनरल व्हेइकल नावाची कंपनी पाच टनांपर्यंत माल वाहणारे ट्रक बनवत होती. त्यांचा वेग आज हसू येईल इतका कमी होता, पण त्यांची स्पर्धा घोड्याशी होती. दारूभट्टीतून पिंपं उचलायची, ठरलेल्या दुकानांत टाकायची, संध्याकाळी तबेल्यात परत. तबेला हाच शब्द तेव्हा चालू होता, कारण जागाही बहुधा तीच होती. रात्रभर बॅटरी चार्ज व्हायची.

आम्हाला या काळातलं सगळ्यात शहाणं उदाहरण वाटतं ते कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहराचं. तिथल्या वीजकंपनीने एक योजना काढली : ट्रक तुम्ही घ्या, पण बॅटरीशिवाय. बॅटरी आमची. उतरली की आमच्याकडे या, भरलेली बसवून देतो. पैसे मैलावर, आणि देखभालीसाठी महिन्याचं ठरावीक शुल्क. १९२४ पर्यंत ही योजना चालली आणि तिच्यातले ट्रक एकूण साठ लाख मैलांवर धावले. साठ लाख! आज बॅटरी बदलून देण्याची कल्पना कोणी मांडली की ती कालच सुचल्यासारखी मांडतात. हार्टफर्डवाल्यांनी नेमका दुसरा प्रश्न ओळखला होता. मोटर ओढेल, पण ऊर्जा कुठे ठेवायची आणि ती संपली की काय करायचं?

त्याच सुमाराला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सची कपल-गिअर नावाची कंपनी चाकाच्या आतच मोटर बसवत होती. त्यांचे ट्रॅक्टर आगीचे बंब ओढायला वापरले जात. बॅटरी पुरत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरा नमुनाही काढला : गाडीवर पेट्रोलचं इंजिन, ते फक्त वीज तयार करणार, चाकं विजेचीच. हा नमुना लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

मग शहरं पसरली, रस्ते लांबले, हवेचे टायर आले, आणि ट्रकने एका गावातून दुसऱ्या गावात माल न्यावा ही अपेक्षा निर्माण झाली. घोड्याच्या जागी असेपर्यंत विजेचा ट्रक राजा होता. रेल्वेची जागा घ्यायला लागल्यावर तो मागे पडला.

१९२५ हे साल मोठं मजेचं आहे. एप्रिलमध्ये फोर्डने मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा जोडून विकायला सुरुवात केली. किंमत २८१ डॉलर. अमेरिकन पिकअपचा जन्म तिथला मानतात. आणि त्याच वर्षी, ३ फेब्रुवारीला, मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत भारतातली पहिली विजेची रेल्वे धावली. दशक संपता संपता वीज बोरघाट आणि थळघाटात पोचली. तिथला चढ सदतीस मीटरला एक मीटर. रेल्वेसाठी हा चढ भयंकर. कर्जतला गाडी थांबते ती वड्यासाठी नव्हे, मागून रेटणारी इंजिनं जोडायला थांबते, हे आपल्याला ठाऊक आहेच. वाफेच्या इंजिनाला हा घाट आपल्या कोळशापाण्याचं ओझं अंगावर घेऊन चढावा लागे. विजेच्या इंजिनाची वीज ठाकुर्लीच्या वीजघरात तयार व्हायची आणि तारेतून यायची. म्हणजे मोटर तीच, जोर तोच, फक्त शिदोरी स्वतः वाहायची नव्हती.

शिदोरी कोण वाहतो, यावर विजेच्या ओढगाडीचं यश ठरतं. हा आमच्या आजच्या म्हणण्याचा गाभा.

याचा सगळ्यात भव्य पुरावा अमेरिकन सैन्याचा आहे. रॉबर्ट लेटूर्नो नावाचा एक यंत्रवेडा आणि अतिशय धार्मिक उद्योजक होता. त्याने सैन्यासाठी रुळांशिवाय चालणारी आगगाडी बांधली. १९६२ मध्ये अॅरिझोनातल्या युमाच्या वाळवंटात तिच्या चाचण्या झाल्या. लांबी ५७२ फूट, चाकं चोपन्न, आणि प्रत्येक चाकात स्वतंत्र विजेची मोटर. मागचे डबे नुसते ओढले जात नव्हते, आपापल्या चाकांनी ते स्वतःही चालत होते. दीडशे टन माल ती वाहू शकत असे. पण वीज येत होती कुठून? चार गॅस टर्बाइनमधून, म्हणजे इंधन तेलच. लांब जायचं तर तेलाचे जादा डबे जोडायचे! पुढे जड माल उचलणारी हेलिकॉप्टरं आली आणि या आगगाडीची गरजच उरली नाही.

आता आजच्या गाडीकडे येऊ. २०२२ मध्ये फोर्डची विजेची पिकअप, एफ-१५० लाइटनिंग, ग्राहकांच्या हाती पडली. योग्य साधनं बसवली तर ती दहा हजार पौंड, म्हणजे साडेचार टनांचा ट्रेलर ओढते, असं कंपनीने सांगितलं. ते खरंच आहे. मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज वापरता येते. आपल्याकडे एखाद्या मध्यमवर्गीय घराला महिनाभर पुरेल एवढी. मोठा आकडा वाटतो ना? पेट्रोलच्या भाषेत ही ऊर्जा पंधरा लिटरहून कमी भरते. पेट्रोलवरच्या एफ-१५० ला १३६ लिटरची टाकी मिळते. विजेची गाडी एवढ्याशा शिदोरीवर पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते, कारण ती फार कमी वाया घालवते. पण काटकसरी माणसावर अचानक मोठा खर्च आला की त्याला कुठे कपात करायची ते सुचत नाही, कारण उधळपट्टी आधीच बंद केलेली असते. तसंच हे.

त्याच वर्षी ‘मोटरट्रेंड’ या अमेरिकन मासिकाने एक चाचणी केली, ती आम्हाला फार बोलकी वाटते. सुमारे ४८० किलोमीटर पल्ल्याच्या लाइटनिंगला त्यांनी मुक्कामाचे तीन ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरंच, आळीपाळीने लावले. सुमारे १.४ टनांच्या ट्रेलरबरोबर पल्ला भरला १८५ किलोमीटर, २.४ टनांबरोबर १६०, ३.३ टनांबरोबर १४५. नीट पाहा. वजन दुपटीहून जास्त वाढलं, तेव्हा पल्ला पाचव्या हिश्श्याने घटला. पण सर्वांत हलका ट्रेलर लावल्याबरोबर साठ टक्के पल्ला आधीच गेला होता! मग चोर कोण?

चोर आहे वारा. ट्रेलर म्हणजे महामार्गावरून उभी धावणारी भिंत. सपाट रस्त्यावर वेग कायम असेल तर वजनाचा फारसा जाच नसतो. साडेसहा टनांचा सगळा लवाजमा हजार मीटर उंच चढवायला गणिताने अठरा युनिटं लागतात, आणि त्यातला काही भाग उतारावर मोटर जनित्रासारखी चालून परत मिळतो. वाऱ्याला दिलेलं मात्र परत येत नाही. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ११२ किलोमीटरऐवजी ८८ ने गेलात तर तो ३८ टक्क्यांनी कमी होतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्याने ताशी ५५ मैल, म्हणजे हीच ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. कायदा सुरक्षेसाठी, पण बॅटरीलाही तो मानवतो.

आता प्रवासाचा हिशेब मांडू. पल्ला १४५. वाटेत जलद चार्जिंग करायचं तर बॅटरी साधारण दहा ते ऐंशी टक्क्यांमध्ये वापरतात, कारण त्यापुढे ती फार सावकाश भरते. म्हणजे हाती उरले शंभर किलोमीटर. तासभर चालवा, मग चाळीस मिनिटं थांबा. शिवाय बहुतेक चार्जिंगच्या जागा मोटारींसाठी आखलेल्या, गाडी नाक खुपसून उभी करायच्या. ट्रेलर सोडा, कुठेतरी लावा, चार्ज करा, परत जोडा. पेट्रोल पंपावर जसं एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येतं, तशा जागा अजून थोड्या आहेत. कुटुंब घेऊन वायोमिंगच्या वाऱ्यात हजार किलोमीटर जाणाऱ्याला आम्ही ही गाडी सुचवणार नाही. पेट्रोलच्या गाडीचं अॅव्हरेजही ट्रेलरने जवळपास निम्म्यावर येतं, हे खरं. पण तिची टाकी मोठी आहे आणि पाच मिनिटांत भरते.

मग मोठी बॅटरी घाला! घातली की. जनरल मोटर्सच्या हमर ईव्हीची बॅटरीच सुमारे तेराशे किलोंची आहे, म्हणजे आपल्याकडची एक अख्खी मोटार. अशा गाडीची किंमत चढते, आणि स्वतःच्याच वजनामुळे माल वाहायला वाव कमी उरतो.

इथे जरा अॅरिस्टॉटल. जो गवंडी या क्षणी बांधत नाही, त्याच्यात बांधण्याची क्षमता आहे असं म्हणता येईल का? मेगारा पंथाचे लोक ‘नाही’ म्हणत, अॅरिस्टॉटलने त्यांना खोडून काढलं. अमेरिकन ट्रकबाजार पक्का अॅरिस्टॉटलवादी आहे. तिथल्या बाजार-पाहण्या सांगतात की बहुतेक पिकअपमालक वर्षातून एखाद वेळ ट्रेलर ओढतात, किंवा तेवढंही नाही. तरी ते क्षमता विकत घेतात, न वापरलेली. त्यांना हसू नये. घरात पाहुण्यांसाठी जादा गाद्या आपणही ठेवतोच. फसवणूक होते ती वेगळ्या जागी. ‘दहा हजार पौंड’ हा आकडा शंभर टक्के खरा असूनही ग्राहकाने मनात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्याला तळ्यापर्यंत पोचायचं होतं, आणि आकडा हलवण्याचा होता. पेट्रोलच्या शतकात हे दोन प्रश्न एकच वाटत, कारण पंप सगळीकडे होते.

हा आकडा सगळ्यांनाच जाचतो असं नाही. गवत कापणीची यंत्रं घेऊन दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर फिरून घरी येणारा कंत्राटदार, जवळच्या तळ्यावर होडी नेणारा, शेतावरचा ट्रेलर हलवणारा, यांना विजेची पिकअप उत्तम. ही हार्टफर्डचीच गिऱ्हाइकं म्हणा ना. पण कंपन्यांनी गाडी विकली ती सगळ्यांना सगळं करता येईल या भाषेत.

परिणाम आपल्यासमोर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रॅम कंपनीने केवळ बॅटरीवरची मोठी पिकअप रद्द केली. जनित्रवाली पुढे ठेवली : ९२ युनिटांची बॅटरी आणि सोबत व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन, जे फक्त वीज तयार करणार. डिसेंबरमध्ये फोर्डनेही लाइटनिंगचं सध्याचं रूप थांबवून पुढची गाडी जनित्रासह काढायचं जाहीर केलं. कपल-गिअर आठवतेय ना? ‘बघा, वीज ओझं ओढू शकत नाही’ असा निष्कर्ष त्यातून लगेच काढला गेला. तो आम्हाला मान्य नाही. या नव्या गाड्यांतही चाक फिरवणार आहे ती मोटरच. बदलली आहे ती शिदोरी.

दुसरी एक वाट लेटूर्नोच्या बाजूने जाते. कोलोरॅडोतल्या लाइटशिप कंपनीने २०२३ मध्ये असा मुक्कामाचा ट्रेलर दाखवला की त्याला स्वतःची ८० युनिटांची बॅटरी आणि स्वतःची मोटर आहे, आणि रस्त्यावर असताना त्याचं छप्पर खाली बसतं. म्हणजे भिंतही बुटकी झाली आणि ती स्वतः चालायलाही लागली. पुढच्या गाडीला मागे काही आहे हे फारसं जाणवू नये, हा उद्देश. तेव्हा जाहीर केलेली किंमत होती सव्वा लाख डॉलर. तेवढ्यात एक लाइटनिंग आणि वर एक साधा ट्रेलर येत होता.

इथे थांबू. प्रश्न घेऊ या.